ट्रॅकर उत्तम, पण पुण्यात मान मोडतो

जुनी कॅनन बॉडी, १३५ मिमीची मॅन्युअल लेन्स आणि खाली हा स्टार ट्रॅकर, म्हणजे आकाशाच्या गतीने कॅमेरा फिरवणारं यंत्र. दिवाळीनंतरचा सगळा हंगाम वेल्ह्याकडे जाऊन वापरला. "अंधाराचे फोटो काढायला एवढे पैसे?" हा घरचा प्रश्न अजून मिटलेला नाही.

काम चोख आहे. ट्रॅकर नसताना या लेन्सवर दोन सेकंदांतच तारे लांबट होतात. नीट लावला की दीड-दोन मिनिटांच्या फ्रेममध्येही गोल राहतात. स्टॅकिंगला, म्हणजे अनेक फ्रेम एकावर एक रचून एक फोटो करायला, सिरिल हे सॉफ्टवेअर फुकट आहे. दव पडतं म्हणून लेन्सला यूएसबी हीटरचा पट्टा हवाच, तो पॉवर बँकेवर रात्रभर चालतो.

आता पोलर स्कोप, म्हणजे ट्रॅकरचा फिरायचा अक्ष ध्रुवाकडे रोखायची छोटी दुर्बीण. पुण्यात ध्रुवतारा जेमतेम १८.५ अंशांवर. गच्चीवरून तो शेजारच्या सोसायटीच्या टाकीमागे, वेल्ह्यात डोंगराला टेकलेला. ट्रायपॉड हलू नये म्हणून पाय आखूड ठेवायचे आणि मग त्या भोकाला डोळा लावायला ओल्या गवतात चटई टाकून आडवं व्हायचं, तेही पन्नाशीतली मान घेऊन. कसाबसा तारा जागेवर आणावा, तर वेजचा (ट्रॅकर तिरका धरणाऱ्या बैठकीचा) स्क्रू आवळताना तो पुन्हा सरकतो. विक्रेत्याला फोन केला. "सर, युरोपात सगळे असंच वापरतात." अहो, युरोपात ध्रुव पन्नास अंशांवर असतो! वॉरंटीत हे बसत नाही म्हणाले. शेवटी भोसरीतल्या एका लेथवाल्याने दीडशे रुपयांत पितळी वॉशर करून दिला, तेव्हा वेज जागेवर राहायला लागला.

मी पाचपैकी दोनच तारे देणार होतो. पण मग जुन्या लॅपटॉपवर निना हे खगोलफोटोंचं सॉफ्टवेअर टाकलं. त्यातलं थ्री पॉइंट पोलर अलाइनमेंटचं प्लगइन ट्रॅकर थोडाथोडा फिरवून तीन फोटो घ्यायला लावतं, त्यातल्या ताऱ्यांवरून अक्ष कुठे रोखलाय ते काढतं आणि स्क्रू फिरवाल तशी चूक कमी होताना दाखवतं. ध्रुवतारा दिसायचीही गरज नाही. हेही फुकट! आता चार तारे.

शिवाय एप्रिलमध्ये ओमेगा सेंटॉरी हा तारकागुच्छ इथून दक्षिणेला २४ अंशांपर्यंत चढतो. वेल्ह्याहून पुण्याचा उजेड उत्तर-पूर्वेला राहतो, त्यामुळे ती बाजू त्यातल्या त्यात काळी मिळते. त्या युरोपवाल्या सरांपैकी बहुतेकांना तो क्षितिजावर येतच नाही.

पावसाळ्यात लेन्स सिलिका जेल घालून हवाबंद डब्यात ठेवा, नाहीतर बुरशी येते. ट्रॅकरमधले सेलही काढून ठेवा. आणि पोलर स्कोप हरवलेला असा ट्रॅकर कोणी स्वस्तात विकत असेल, तर खुशाल घ्या.