स्वस्तातले तीन किल्ट, आठ महिने वापरल्यावर

एडिंबराला येऊन पाच वर्षं झाली, पण किल्ट (इथल्या पुरुषांचा गुडघ्यापर्यंतचा निऱ्यांचा घागरा) घ्यायची वेळ आली ती गेल्या नोव्हेंबरात. ३० तारखेला सेंट अँड्र्यूज डे, म्हणजे स्कॉटलंडच्या संरक्षक संताचा दिवस, मुलांना टार्टनमधलं (चौकडीच्या स्कॉटिश कापडातलं) काहीतरी घालून पाठवा, असा शाळेचा निरोप आला. टायवरही भागलं असतं, पण आमच्या चिरंजीवांना (वय सात) किल्टच हवा होता. तेव्हापासून घरात तीन आले: दोन त्याचे, एक माझा. लग्नासाठी अस्सल लोकरीचा आठ वारी किल्ट शिवून घ्यायचा असेल तर काही शे पौंडांची तयारी ठेवा आणि हे वाचू नका. इथे सगळा स्वस्तातला मामला आहे.

पहिला रॉयल माइलवरच्या एका पर्यटकी दुकानातला, २२ पौंडांचा. रॉयल स्ट्युअर्ट टार्टन, लालभडक, फोटोत झकास. कापड ॲक्रिलिक, कमरेला वेल्क्रो. घेताना मी फक्त रंग पाहिला, आणि तिथेच फसलो. किल्ट उलटा करून निऱ्या बघायला हव्या होत्या. चांगल्या किल्टच्या निऱ्या कमरेपासून पार्श्वभागापर्यंत टाके घालून पक्क्या केलेल्या असतात, खाली मोकळ्या सुटतात. ह्याच्या निऱ्या नुसत्या इस्त्रीच्या जोरावर उभ्या होत्या. पहिल्याच धुण्यात सगळ्या गेल्या. आईने सांगलीहून व्हिडिओ कॉलवर पाहिलं आणि म्हणाली, “अरे, हा तर परकर झाला!”

वेल्क्रोची गंमत त्याहून मोठी. डिसेंबरात शाळेत पीटीच्या तासाला ‘केली’चे (ceilidh) पारंपरिक स्कॉटिश समूहनाच शिकवतात. ‘स्ट्रिप द विलो’मध्ये हाताला हात अडकवून गरगर फिरायचं असतं. दोन महिन्यांत... नाही, महिनाभरातच त्या वेल्क्रोने मोज्यांचे, स्वेटरचे इतके धागे खाल्ले होते की तिसऱ्या गिरकीला त्याने हात टेकले. आत शाळेची चड्डी होती म्हणून निभावलं. मुलांना आत चड्डी घालाच. ‘किल्टच्या आत काय?’ हे सनातन विनोद मोठ्यांसाठी राहू द्या.

दुसरा चॅरिटी शॉपमध्ये (लोकांनी दान दिलेल्या वापरलेल्या वस्तूंच्या दुकानात) मिळाला, १४ पौंडांत, आणि हाच आमचा खरा किल्ट. पॉलिव्हिस्कोस (पॉलिएस्टर-व्हिस्कोस मिश्रण) कापड, चामड्याचे तीन पट्टे (दोन उजवीकडे, एक डावीकडे), निऱ्या टाके घातलेल्या. मुलं वाढतात आणि किल्ट वर्षाला चार-पाचदाच अंगावर चढतो, त्यामुळे अशा दुकानांत जवळजवळ कोरे मिळतात. टार्टन ब्लॅक वॉच, म्हणजे गडद निळा-हिरवा, चिखल आणि सूप दोन्ही पचवणारा. टार्टन घराण्याघराण्यांचे असतात, तेव्हा ‘आपलं आडनाव तर मॅक-काहीतरी नाही, मग चालतं का?’ हा प्रश्न मलाही पडला होता. ब्लॅक वॉच कुणीही घालतं, कायद्याची आडकाठी नाही. बाल्मोरल टार्टन तेवढा राजघराण्याचा, तो सोडावा.

मापाचं मात्र नीट लक्षात घ्या. जीन्सची कंबर सांगू नका. किल्ट बेंबीपाशी बसतो, टेप तिथे लावायचा. लांबीसाठी पोराला गुडघ्यांवर बसवायचं; काठ जमिनीपासून साधारण इंचभर वर राहिला की बरोबर. पट्ट्यांना भोकं असल्याने कमरेत थोडी वाढ झेपते, लांबीत नाही.

घालायची पद्धत आम्हाला शेजारच्या आजोबांनी शिकवली, तीही भर जिन्यात. पहिल्या दिवशी आम्ही निऱ्या पुढे घेतल्या होत्या, नऊवारीच्या हिशेबाने! निऱ्या मागे, सपाट भाग पुढे, दशांची किनार उजवीकडे. पिन फक्त वरच्या पदरातून घालायची; मी दोन्ही पदरांतून टोचली होती, पोरगं पायरीवर वाकलं आणि कापडाचे धागे ओढले गेले. ती खूण अजून आहे.

धुण्याची युक्ती आईची. एप्रिलमध्ये ती इथे आली तेव्हा तिने किल्ट मशीनला टाकण्याआधी निऱ्यांच्या खालच्या काठाला पांढऱ्या दोऱ्याने धावदोरा घातला, म्हणजे घडी हलत नाही. मग ३० अंशावर धुणं, क्लिपांना टांगून वाळवणं, ओलसर फडकं ठेवून इस्त्री, आणि शेवटी दोरा ओढून काढायचा. इथले जुने शिंपीही असाच धावदोरा घालतात हे आजोबांकडून कळल्यावर आई दोन दिवस खुशीत होती. आतापर्यंत पाच धुणी झाली, निऱ्या जागच्या जागी आहेत.

तिसरा माझा. खाकी, जाड सुती कापडाचा, बाजूला मोठे खिसे असलेला ‘युटिलिटी किल्ट’, ३५ पौंड. लेबलवर मेड इन पाकिस्तान. नवल नाही; सियालकोटहून किल्ट आणि बॅगपाइप दोन्ही जगभर जातात. शनिवार-रविवारी बाजारहाट, बाग, पोराचं फुटबॉल, सगळीकडे हाच. लुंगीचं सुख आणि खिशांची सोय, शिवाय स्पोरानची (किल्टवर पुढे लटकवायच्या बटव्याची) साखळी मागे घासत नाही. तक्रारी दोन. बटणं हलकी, मार्चमध्ये एक गेलं, दुसरं मी आधीच पक्कं केलं. आणि सुती कापड भिजलं की वाळता वाळत नाही, एडिंबरात ही लहान गोष्ट नव्हे. वाऱ्याला मात्र तो वजनामुळे चांगला तोंड देतो. पोराचा पॉलिव्हिस्कोसचा हलका, लीथच्या धक्क्यावर तो दोन्ही हातांनी धरूनच चालतो. जूनमध्ये ग्लेनकोला गेलो तेव्हा उघड्या गुडघ्यांचं मिजेसनी (चावऱ्या चिलटांनी) जे केलं त्याचा दोष किल्टला देता येत नाही, पण तिकडे संध्याकाळी पँट घाला.

स्पोरान पोरासाठी वेगळा ८ पौंडांना घेतला. त्यात सध्या दोन चेस्टनट आणि एक अर्धा चघळलेला खोडरबर आहे. मोज्यात खोचायचा तो छोटा सुरा मुलांच्या संचात प्लास्टिकचा येतो. आम्ही तोही शाळेत पाठवला नाही.

कालच पोराच्या किल्टचा पट्टा शेवटच्या भोकात गेला आणि काठ गुडघ्याच्या दोन बोटं वर आला. शाळा ऑगस्टच्या मध्याला उघडतील, त्याआधी चॅरिटी शॉपांची फेरी मारायची आहे. हा त्याच दुकानात परत देऊन टाकेन. धावदोरा मात्र आधी काढला पाहिजे, अजून तसाच आहे.