रेट्रो गेमचं कार्ड: यंत्र ठीक, आतल्या फाइली तपासून घ्या

बेळगावच्या खडेबाजारात हातात मावणारे बिनब्रँडचे गेम कन्सोल मिळतात, सोबत हजारो गेम भरलेलं मेमरी कार्ड. बटणं बरी, स्क्रीन लखलखीत. खरी गोम कार्डात आहे.

आधी फाइलींची नावं वाचा. जुन्या पद्धतीच्या नावात चौकटी कंसात उद्गारचिन्ह असेल तर ती तपासलेली, अस्सल प्रत. त्याच कंसात इंग्रजी 'बी' म्हणजे खराब प्रत, मध्येच अडकू शकते. 'एच' म्हणजे कुणीतरी बदललेली, 'टी' म्हणजे खेळताना फसवेगिरीची (चीट) सोय घातलेली. एकच गेम सहा नावांनी दिसतो आणि आकडा फुगतो, तो असा. युरोपची प्रत 50 हर्ट्झची, म्हणजे स्क्रीन सेकंदाला 50 वेळा बदलणारी, म्हणून बरेच गेम मंद चालतात. अमेरिकेची 60 ची घ्या.

आकारही बघा. 'सुपर मारिओ ब्रदर्स'ची एनईएस (निन्टेंडोचं जुनं गेम यंत्र) फाइल 40,976 बाइटची असते. तीच काही एमबी भरली तर हात लावू नका. विंडोजमध्ये 'व्ह्यू'त जाऊन एक्स्टेन्शन, म्हणजे नावाच्या शेवटचा फाइलीचा प्रकार, दिसेल असं करा: शेवटी ईएक्सई, म्हणजे विंडोजवर चालणारा प्रोग्राम, असेल तर तो गेम नव्हेच, थेट काढून टाका. शंका असेल तर सेव्हन-झिप या प्रोग्रामने सीआरसी, म्हणजे फाइलीच्या मजकुरावरून निघणारा तपासणी आकडा, काढून नो-इंट्रोच्या (अस्सल प्रतींची नोंद ठेवणारा गट) यादीशी ताडा. एनईएस फाइलीच्या सुरुवातीचे 16 बाइट हेडरचे, म्हणजे फाइलीची माहिती सांगणारे, असतात. यादीतले आकडे हेडर सोडून काढलेले असतील तर चांगली प्रतही जुळत नाही, घाबरू नका.

स्वस्त कार्ड लवकर दगा देतं, पहिल्याच दिवशी नकल काढा. आणि हे गेम बहुतेक कॉपीराइटचे आहेत, दुकानदाराने भरून दिले म्हणून ते कायदेशीर होत नाहीत. यंत्राला चार तारे, कार्डाला एक.