कॅरमच्या नियमांचा कागद: आठ महिने भिंतीवर राहिल्यानंतर

सोसायटीच्या क्लबहाऊसमध्ये कॅरमवरून रोज वाद व्हायचे. म्हणून मी एका पानावर नियम लिहिले, लॅमिनेट केले आणि बोर्डाशेजारच्या भिंतीवर लावले. आठ महिन्यांत तो कागद तीनदा बदलावा लागला.

पहिल्या कागदात माहितीची चूक नव्हती. 9 पांढऱ्या, 9 काळ्या सोंगट्या, एक लाल क्वीन. 25 गुण किंवा 8 बोर्ड, म्हणजे 8 फेऱ्या, झाल्या की गेम संपला. घोळ माझ्या मराठीने घातला. मी सूचनाफलकाच्या थाटात लिहिलं होतं, ‘स्ट्रायकर पॉकेटमध्ये गेल्यास एक सोंगटी काढून मध्यभागी ठेवावी.’ ठेवावी, पण कोणी? ज्याचा स्ट्रायकर गेला तोच आपली सोंगटी सोयीच्या जागी, बरोबर पॉकेटच्या रेषेत ठेवायला लागला. समोरचे काका चिडले आणि त्यांचं बरोबर होतं, दंडाची सोंगटी प्रतिस्पर्ध्याने ठेवायची असते. आता वाक्य आहे, ‘सोंगटी प्रतिस्पर्धी ठेवेल, मधल्या मोठ्या वर्तुळाच्या आत.’ मग पानावरचे सगळे ‘-वी’ आणि ‘-वे’ शोधले. सतरा निघाले. आपल्या सरकारी मराठीत काम कोणी करायचं हे कायम गुलदस्त्यात का असतं, ते त्या दिवशी कळलं.

दुसरा त्रास ‘डाव’ शब्दाचा. ‘फाऊल झाल्यास डाव संपतो.’ मला म्हणायचं होतं, स्ट्रायकर समोरच्याकडे द्या. एका काकूंनी सगळ्या सोंगट्या उचलून पुन्हा मांडायला घेतल्या! आपण एका खेपेलाही डाव म्हणतो, अख्ख्या खेळालाही. ‘डाव’ पुसून टाकला. आता पाळी, बोर्ड आणि गेम हे तीनच शब्द, प्रत्येकाला एकच अर्थ.

क्वीनच्या गुणांवरून तर दोन भाऊ आठवडाभर बोलले नाहीत. ‘21 पर्यंत क्वीनचे 3 गुण’ असं मी लिहिलेलं. त्यात 21 धरायचे का? धरायचे. खेळाडूचे स्वतःचे 22 गुण झाल्यावर मात्र क्वीनचे गुण मिळत नाहीत. ‘पर्यंत’च्या जागी आता ही दोन वाक्यं आहेत.

कागदाने एक गोष्ट मात्र जमवली नाही: नवीन पोरं तो वाचून खेळ शिकत नाहीत, बघून शिकतात. भांडण झालं की मग भिंतीकडे धावतात. म्हणून तिसऱ्या वेळी ‘खेळाची ओळख’ खाली ढकलली आणि दंड, कव्हर (क्वीन घेतल्यावर लगेच आपली सोंगटी घालणं), क्वीन वर ठळक अक्षरांत घेतले. चकचकीत लॅमिनेशन ट्यूबलाईटखाली चमकतं, हा माझा मूर्खपणा. मॅट घ्या.

परवा एक सोंगटी पॉकेटच्या कडेला उभीच राहिली. सगळे भिंतीकडे वळले, तिथे काहीच नाही. नियम असा की तिला हात लावायचा नाही, आहे तशी राहू द्यायची. कुणीतरी तो पेनने लॅमिनेशनवर लिहिला होता. सकाळपर्यंत पुसला गेला.