टेलिकॉम कंपनीचं मॉडेल: टॉप-डाऊन बांधावं की बॉटम-अप?

मोठ्या टेलिकॉम कंपनीच्या कारभाराचं आर्थिक मॉडेल दोन दिशांनी बांधता येतं. लेजरमधला, म्हणजे हिशोबाच्या वह्यांतला, खर्च वरून खाली एकेका सेवेवर वाटत यायचं (टॉप-डाऊन), किंवा ट्रॅफिकपासून, म्हणजे कॉल आणि डेटाच्या वापरापासून, सुरुवात करून अख्खं नेटवर्क शीटवर नव्याने उभं करायचं (बॉटम-अप). कोल्हापुरात बसून मी दोन्ही प्रकारची बांधली आहेत.

टॉप-डाऊनचं मोठं सुख म्हणजे बेरीज ताळेबंदाशी जुळते. ट्राय या दूरसंचार नियामकाच्या 2016 च्या अकाउंटिंग सेपरेशन (सेवावार वेगळा हिशोब) नियमांनुसार जे रिपोर्ट द्यावे लागतात, त्यांनाही हीच मांडणी सोयीची.

माझं घोडं अडलं ते ॲलोकेशन कीपाशी, म्हणजे खर्च कोणत्या मापाने वाटायचा त्यापाशी. डिझेल, टॉवरचं भाडं, बॅकहॉल (टॉवरला मुख्य नेटवर्कशी जोडणारी लाइन) हा सगळा सामायिक खर्च. तो मिनिटांवर वाटला तर व्हॉइस महागडा दिसतो, एमबीवर वाटला तर जवळजवळ फुकट. एका कामात नुसती की बदलली आणि तोट्यातली सेवा नफ्यात आली. नेटवर्कमध्ये मात्र काडीचाही फरक नव्हता. दोन्ही की बैठकीत तितक्याच ठामपणे मांडता येतात. अशा आकड्यावर दर ठरवायला माझं मन धजावत नाही.

बॉटम-अपमध्ये खर्चाला कारण द्यावंच लागतं. डोंगराळ गगनबावड्याची साइट, म्हणजे टॉवरची जागा, कव्हरेजसाठी असते. ग्राहक कितीही कमी असोत, ती लागतेच, आणि पावसाळ्यात लाइट गेली की जनरेटरही लागतो. कोल्हापूर शहरातल्या राजारामपुरीतल्या साइट बिझी अवरच्या, म्हणजे सर्वाधिक गर्दीच्या तासाच्या, ट्रॅफिकवर ठरतात. त्यामुळे वरच्या बँडचं जादा स्पेक्ट्रम (क्षमता वाढवणाऱ्या, पण फार लांब न पोचणाऱ्या रेडिओलहरी) घेतलं तर राजारामपुरीत नव्या साइट वाचतात, गगनबावड्यात एकही नाही. टॉप-डाऊनमध्ये ही दोन्ही ठिकाणं गोव्यासकट महाराष्ट्र सर्कलच्या (परवान्याच्या विभागाच्या) एकाच बेरजेत विरघळून जातात.

ट्रायने ऑक्टोबर 2017 पासून मोबाइल टर्मिनेशन चार्ज (दुसऱ्या कंपनीचा कॉल आपल्या ग्राहकापर्यंत पोचवण्याचा दर) मिनिटाला 14 पैशांवरून 6 पैशांवर आणला, तोही बॉटम-अप धाटणीच्याच हिशोबावर: दुसऱ्या कंपनीचे कॉल घेतल्यामुळे खर्च नेमका किती वाढतो, एवढंच मोजायचं. 2021 पासून तर तो शून्यच आहे.

अर्थात बॉटम-अपला कष्ट फार. साइटची यादी आणि क्षमतेचे आकडे मिळवायला इंजिनिअर मंडळींच्या मागे लागावं लागतं. शिवाय शीटवरचं नेटवर्क आटोपशीर असतं. खऱ्या कंपनीतली जुनी यंत्रं, मोकळी पडलेली क्षमता, हेड ऑफिसचा खर्च त्यातून निसटतो. म्हणून शेवटी लेजरशी ताडून पाहणं मी कधी टाळत नाही.

फक्त रिपोर्ट भरायचा असेल तर टॉप-डाऊन पुरावं. दर, स्पेक्ट्रम किंवा नव्या साइटचा निर्णय असेल, तर माझा कल बॉटम-अपकडे. सगळं सर्कल एकदम घेऊ नका. आमच्याकडचे करवीर (यातच कोल्हापूर शहर येतं) आणि गगनबावडा हे दोनच तालुके घेतले, तरी गर्दीची आणि कव्हरेजची अशा दोन्ही तऱ्हेच्या साइट हाताशी येतात.