लिब्रेकॅडवर घराचा विजेचा नकाशा: वर्षभर वापरल्यानंतर

लातूर-औसा भागात घरांच्या वायरिंगची कामं घेतो. गेलं वर्षभर प्रत्येक घराचा इलेक्ट्रिकल लेआउट, म्हणजे दिवा, पंखा, बोर्ड, सॉकेट कुठं येणार हे, लिब्रेकॅड या कॉम्प्युटरवर नकाशे काढायच्या प्रोग्रॅमवर काढतोय. आधी खडूनं भिंतीवर खुणा करायच्या आणि बाकी सगळं वायरमनच्या डोक्यात, अशी पद्धत होती. एक-दोन मजली घरांसाठी हा प्रोग्रॅम नक्की पुरतो. नकाशा वाचायला मात्र साइटवर बसून शिकवावं लागतं.

लिब्रेकॅड फुकट आहे, क्यूकॅड या तशाच दुसऱ्या प्रोग्रॅमच्या खुल्या आवृत्तीतून निघालेला, आणि जुन्या लॅपटॉपवरही चालतो. फक्त टू-डी आहे, पण आपल्याला थ्री-डी लागतंच कुठं? खरा त्रास इंजिनिअरच्या फाइलचा. ते डीडब्ल्यूजी, म्हणजे ऑटोकॅडच्या प्रकारातली फाइल पाठवतात. लिब्रेकॅड ती कधी नीट उघडतो, कधी अक्षरं गायब होतात, आणि सेव्ह तर डीएक्सएफ या दुसऱ्या फाइल-प्रकारातच करतो. आता मी पहिल्याच फोनला डीएक्सएफ मागून घेतो.

लेअर, म्हणजे एकावर एक ठेवलेल्या पारदर्शक कागदांसारखे थर, हा या प्रोग्रॅमचा जीव आहे. इंजिनिअरचा प्लॅन एका लेअरवर, करड्या रंगात आणि लॉक केलेला. त्यावर दिवे-पंखे वेगळे, सहा अँपिअरचे सॉकेट वेगळे, गिझर-एसीचे सोळा अँपिअरचे वेगळे, इन्व्हर्टरवरचे पॉइंट वेगळे. दार कुठवर उघडतं ते दाखवणारी गोलसर रेघ प्लॅनवर असतेच, त्यामुळे दार उघडल्यावर बोर्ड मागं जाणार का हे लगेच दिसतं. मी आणखी एक लेअर ठेवतो, पलंग-कपाटांचा. तो छापत नाही, पण घरातल्या ताईंना समोर बसवून तोच आधी भरून घेतो. कपाट कुठल्या भिंतीला लागणार हे ठरल्याशिवाय सॉकेटला हात लावत नाही.

आपल्याकडं कूलरचा पॉइंट सगळ्यात जास्त चुकतो. एप्रिल-मे मध्ये पारा चाळिशीच्या वर असतो, कूलर प्रत्येक घरात, आणि तो खिडकीबाहेर स्टँडवर. सॉकेट मात्र समोरच्या भिंतीला! मग दोन महिने एक्स्टेंशन बोर्ड फरशीवर लोळतो, शेजारी पाणी सांडलेलं, कूलरची बॉडी पत्र्याची. म्हणून नकाशावर खिडकीच्या नेमक्या बाजूला कूलरचा सॉकेट दाखवतो, उंची लिहितो आणि अर्थिंग असलेली तीन पिनचीच जागा देतो. वरून पाहिलेल्या प्लॅनमध्ये सॉकेट फरशीजवळ आहे की ओट्याच्या वर, ते चिन्हावरून कळत नाही. उंची शेजारी लिहावीच लागते.

चिन्हांचा तयार भारतीय संच मला मिळाला नाही. आयएस २०३२ या भारतीय मानकातल्या चिन्हांच्या जवळ जाणारे ब्लॉक, म्हणजे पुन्हा पुन्हा वापरता येणारी तयार चित्रं, स्वतः काढले आणि लायब्ररीच्या फोल्डरमध्ये ठेवले. एक ब्लॉक बदलला की त्या ड्रॉइंगमधली तशी सगळी चिन्हं बदलतात, हे फार सोयीचं. प्रत्येक शीटच्या कोपऱ्यात चिन्हांचा तक्ता मराठीत लागतो. तो मी पेनानं लिहितो.

स्विचपासून दिव्यापर्यंतची तुटक वक्र रेघ फक्त ‘हा स्विच, हा दिवा’ एवढं सांगते. पाइप त्या वाटेनं जात नाही. एका वायरमननं तीच पाइपची वाट समजून भिंतीत झिरी मारायला घेतली होती, तेव्हापासून पाइपची वाट वेगळ्या लेअरवर जाड रेघेनं काढतो. जिन्याच्या टू-वे, म्हणजे खालून-वरून दोन स्विचवर चालणाऱ्या दिव्याला दोन्ही स्विचकडून रेघ ओढली, की वरचा स्विच विसरला जात नाही.

स्लॅबच्या वेळी नकाशाची खरी कसोटी लागते. सळया बांधून झाल्या की काँक्रीट पडायच्या आत पाइप आणि फॅन बॉक्स बसले पाहिजेत. कॉलम-बीमच्या घरात तेव्हा भिंती उभ्याच नसतात, मग खोलीचा मध्य कुठून मोजायचा? मी फॅन बॉक्सची मापं कॉलमच्या कडेपासून देतो. युनिट इंच आणि लांबीचा प्रकार आर्किटेक्चरल ठेवला की माप फूट-इंचात येतं, सेंट्रिंगवर, म्हणजे स्लॅबच्या फळ्यांवर उभ्या माणसाला तेच समजतं. एथ्री कागदावर प्रिंट प्रीव्ह्यूमध्ये स्केल ठरवून छापलं तर पट्टी लावूनही ताळा घेता येतो.

इन्व्हर्टरचा लेअर वेगळा ठेवल्याचा फायदा डीबी, म्हणजे घरातली सगळी सर्किटं जिथून फुटतात ती पेटी, भरताना होतो. कुठले दिवे-पंखे लाइट गेल्यावर चालले पाहिजेत हे आधीच ठरलेलं असतं आणि त्यांचा न्यूट्रल वेगळा ओढता येतो. आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की लाइट तोडणारा स्विच, त्याच्यावरच्या सर्किटचा न्यूट्रल त्याच्यावर नसलेल्या सर्किटच्या न्यूट्रलशी एकत्र झाला की तो विनाकारण ट्रिप होत राहतो आणि दोष शोधता शोधता दिवस जातो.

अर्थिंगचा खड्डाही नकाशावर दाखवा, घराच्या कोपऱ्यापासून मापासकट. आपली काळी माती उन्हाळ्यात वाळून भेगाळते, खड्ड्यात पाणी घालावं लागतं, आणि पेव्हर ब्लॉक बसल्यावर तो सापडत नाही.

उणीव मोठी एकच: पॉइंटची मोजणी आपोआप होत नाही. आपल्याकडं वायरिंगचा भाव पॉइंटवर ठरतो, म्हणून ही अडचण खिशाला लागते. मी एकेक लेअर चालू करून, छापील प्रतीवर टिक मारत मोजतो. टू-वे एक पॉइंट धरायचा की दोन, तेही घरमालकासमोर त्याच कागदावर लिहून घेतो. मोठ्या इमारतींचं काम करणाऱ्यांनी, जिथं शेकडो पॉइंटची यादी रोज बदलते, दुसरा प्रोग्रॅम घ्यावा.

नवीन सुरुवात करणाऱ्यानं आधी स्वतःचं राहतं घर काढावं. एल-आय टाइप केलं की रेघ, एम-व्ही केलं की हलवणं, असे शॉर्टकट त्यात हाताला बसतात. काम संपल्यावर साइटवर झालेले बदल फाइलमध्ये चढवून पीडीएफ घरमालकाला पाठवायची. पुढं कुणी भिंतीत ड्रिल मारणार असेल, तर पाइप कुठून गेलाय हे त्याला त्यात बघता येतं.