कालवडीसाठी खनिजे: चाटण वीट, भुकटी की चिलेटेड मिश्रण?

दुभत्या गाईच्या आंबोणात खनिज मिश्रण न चुकता पडते आणि कालवडीपुढे मात्र उरलेसुरले वाढे, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, टाकले जातात, हे चित्र ऊसपट्ट्यातल्या अनेक गोठ्यांत दिसते. पुढे संकरित कालवड 20 महिने उलटूनही माजावर आली नाही, किंवा दोन-तीनदा भरवूनही गाभण न राहता उलटली, की दुकानाकडे धाव घेतली जाते आणि तिथे चाटण वीट, भुकटी, चिलेटेड मिश्रण व इंजेक्शन असे पर्याय समोर येतात.

वीट सर्वांत सोयीची, कारण ती एकदा टांगली की रोजची आठवण ठेवावी लागत नाही. पण तिच्यात मोठा भाग मिठाचा असतो आणि जनावर ती मिठाच्या ओढीने चाटते. शरीरात फॉस्फरस किंवा तांबे किती कमी आहे, यावर त्याचे चाटणे ठरत नाही. मुक्त गोठ्यात तर थोराड गाय विटेजवळ ठाण मांडते, वीट मधोमध खोलगट झिजते आणि कालवडीला फारसे काही मिळालेलेच नसते. म्हणून वीट हा मिठाचा पुरवठा समजावा, खनिजांचा भरवसा तिच्यावर ठेवू नये.

भुकटीचे बलस्थान म्हणजे माप. भरवण्याच्या वयाच्या कालवडीला दिवसाला साधारण 50 ग्रॅम, म्हणजे महिन्याला दीड किलो एवढे मिश्रण लागते. किराणा दुकानाच्या काट्यावर एकदा 50 ग्रॅम तोलून घेऊन वाटीवर तेवढी खूण केली की रोजचा अंदाजपंचे मुठीचा कारभार थांबतो. कोरड्या भुशावर टाकलेली भुकटी घमेल्याच्या तळाशी बसते आणि तशीच झाडून काढली जाते, त्यामुळे ती भिजवलेल्या पेंडीत नीट कालवूनच द्यावी. पिशवीवर भारतीय मानक 1664 चा उल्लेख आहे का आणि कॅल्शियम, फॉस्फरस, तांबे व जस्त यांची टक्केवारी स्वतंत्रपणे छापली आहे का, हे पाहावे. बिनमिठाच्या मिश्रणात फॉस्फरस 12 टक्क्यांच्या आसपास हवा. वाढ्यांतले ऑक्झॅलेट कॅल्शियमला बांधून ठेवते आणि कडब्यात फॉस्फरस तुटपुंजा असतो, त्यामुळे नुसते वाढे-कडबा खाणाऱ्या कालवडीला या भुकटीचा उपयोग सर्वाधिक होतो. लसूण घास आणि सरकी पेंड नियमित मिळणाऱ्या कालवडीत फरक तितका ठळक दिसेलच असे नाही.

चिलेटेड मिश्रणात तांबे, जस्त, मँगनीज यांसारखी सूक्ष्म खनिजे अमिनो आम्लांशी किंवा प्रथिनांच्या तुकड्यांशी जोडलेली असतात. पाण्यात वा चाऱ्यात लोह किंवा गंधक जास्त असेल तर साध्या क्षारांतले तांबे शोषले जाण्यात अडथळा येतो, तिथे जादा पैसे मोजण्याला अर्थ आहे. असे कारण नसेल तर माझे मत साध्या भुकटीच्या बाजूने पडते, कारण महाग मिश्रण महिनाभर देऊन बंद करण्यापेक्षा साधे मिश्रण वर्षभर चालू ठेवणे कालवडीच्या जास्त कामी येते.

फॉस्फरसच्या इंजेक्शनाचा प्रश्न पशुवैद्यकावर सोपवावा. चाऱ्यातली रोजची तूट एका सुईने भरून निघत नाही.

मात्र यापैकी काहीही घेण्याआधी जंतनिर्मूलन करावे आणि वजन मोजावे. छातीच्या घेराचा इंचांतला वर्ग गुणिले खांद्याच्या टोकापासून माकडहाडापर्यंतची लांबी भागिले 660, असा हिशेब केला की अंदाजे वजन किलोत मिळते; घेर 60 आणि लांबी 48 इंच असेल तर ते सुमारे 262 किलो भरते. संकरित कालवड 250 किलोंच्या पुढे गेली नसेल, तर माज न येण्याचे कारण बहुधा खुराकाच्या कमतरतेत असते आणि खनिजांचा क्रमांक त्यानंतरचा. वजन पुरेसे असून, तीन महिने नियमित भुकटी देऊनही माज दिसला नाही, तर गर्भाशयाची तपासणी करून घ्यावी. त्यातही ती खोंडासोबत जुळी जन्मलेली असेल तर ही तपासणी सर्वांत आधी करावी, कारण अशा कालवडींपैकी 90 टक्क्यांहून अधिक जन्मतःच वांझ असतात आणि त्यांच्यासाठी घेतलेली कोणतीही पिशवी वायाच जाते.