नॅरोगेज इंजिनच्या किटपायी २४,७९० रुपये गेले. तोच व्हिडिओ तुम्हालाही येईल

आकडा आधीच सांगते, कारण भेटणारा प्रत्येक जण तोच पहिला विचारतो. २४,७९० रुपये. ८,४०० चे दोन हप्ते, ५,६४० ‘कस्टम’चे आणि २,३५० ‘परत मिळणाऱ्या’ विम्याचे. १२ जून ते १६ जून २०२५, एवढ्या पाच दिवसांत. मी नागपुरात एका खाजगी ऑफिसात अकाउंट्स बघते. दुसऱ्यांची व्हाउचरं तपासण्यात माझी एकवीस वर्षं गेली, त्यामुळे हे लिहिताना हात जड झालाय. तरी लिहिते, कारण न असलेलं किट विकून मला फसवणारा माणूस ते अजून विकतोच आहे.

माझं आजोळ भिवापूरचं. लहानपणी दर उन्हाळ्यात इतवारीहून नागभीडची छोटी गाडी पकडायची, उमरेड ओलांडलं की मामा दिसेल म्हणून खिडकीतून डोकं बाहेर काढायचं. ती लाईन २०१९ मध्ये ब्रॉडगेज करायला बंद झाली. तेव्हापासून मनात होतं, त्या गाडीचं डिझेल इंजिन लेगोच्या ब्रिक्समध्ये करायचं आणि ते खरंच चाललं पाहिजे. झेडडीएम-४ए. झेड म्हणजे अडीच फुटी गेज, डी डिझेलचा, एम म्हणजे माल आणि सवारी दोन्ही ओढणारं. चित्तरंजनच्या कारखान्यातलं डिझेल-हायड्रॉलिक.

ज्यांना हे पोरखेळ वाटतं त्यांच्यासाठी थोडं सांगते, म्हणजे पैसे कशाला दिले ते कळेल. लेगोच्या रुळांत साधारण साडेसदतीस मिलिमीटरचं अंतर असतं. आपला नॅरोगेज ७६२ मिलिमीटरचा. भागाकार केला की वीस येतात. म्हणजे त्याच रुळावर इंजिन चालवायचं तर मॉडेल एकास वीसचं होतं आणि आठ मिलिमीटरचा एक स्टड, म्हणजे ब्रिकवरचा गोल उंचवटा, खऱ्या इंजिनवर सोळा सेंटिमीटर भरतो. कडबी चौकातल्या नॅरोगेज संग्रहालयात टेप घेऊन मी दोनदा गेले. बॉडी चौदा स्टड रुंद धरली आणि सुटे ब्रिक्स जमवत दोन वर्षांत ती पुरी केली. अडलं ते खाली. एवढ्या मापाला लेगोची तयार ट्रेन मोटर चालत नाही, तिची चाकं फार बारीक दिसतात. मोठी फ्लँजची, म्हणजे रूळ धरणारी कड असलेली चाकं हवीत, मोटर बॉनेटच्या आत आडवी बसवायची आणि बारा दात-वीस दात अशा बेव्हल, म्हणजे काटकोनात वळवणाऱ्या गिअरने फिरणं खाली बोगीत, चाकांच्या सांगाड्यात, उतरवायचं. आठ चाकं, दोन मोठ्या मोटर, एक ब्लूटूथ हब, म्हणजे मोटर चालवणारा सेलचा डबा, गिअर आणि अॅक्सल. हे सामान नागपुरात बुलडीच्या बाजारात मिळत नाही. हा सगळा शोध मी ज्या छंदी लोकांच्या ग्रुपवर मांडला, तिथेच तो विकणारा बसला होता.

रीत तुम्हाला माहीतच आहे. परदेशी बदली झाली, कलेक्शन मोडतोय, ‘तुमच्यासारख्या जाणकाराकडे जावं’ वगैरे. चार महिने तो ग्रुपवर सल्ले देत होता आणि ते सल्ले बरोबर होते. सांधा कुठे घसरतो, उतारावर कोणता गिअर घ्यावा, हे ज्याला कळतं तो चोर असेल असं कसं वाटणार? माझ्या जागी तुम्ही असता तर तुम्हालाही वाटलं नसतं. पूर्ण किट १६,८००, निम्मे आधी. १२ जूनला, गुरुवारी दुपारी, मी ८,४०० पाठवले. यूपीआयवर नाव एका बाईचं आलं. ‘मिसेसचं खातं आहे’. विकणाऱ्याचं नाव आणि खात्यावरचं नाव वेगळं दिसलं की तिथेच हात मागे घ्या. कारण काहीही सांगू द्या.

आता त्या रात्रीचं लिहिते. ती मला विसरता येत नाही.

शुक्रवार, १३ जून. त्याने व्हिडिओ पाठवला. निळ्या चौकडीच्या चादरीवर रुळांचा गोल, त्यावर नॅरोगेज धर्तीचं इंजिन, मागे दोन डबे. पस्तीस सेकंदांचा. घरातले झोपल्यावर मी तो पंधरा-वीस वेळा पाहिला असेल. बाविसाव्या सेकंदाला इंजिन वळणावर येतं, बॉनेटचं झाकण जरा उचललेलं आहे आणि आतून वायर लोंबते. मी थांबवून मोठं करून पाहिलं. वायरच्या टोकाला राखाडी, चौकोनी, वर चार स्टड असलेला प्लग होता, एकावर एक बसणारा. म्हणजे लेगोचं पॉवर फंक्शन्स. २००७ मध्ये आलेली ती जुनी पद्धत, इन्फ्रारेड रिमोटवर चालणारी. त्याने मला जो माल लिहून दिला होता त्यात पॉवर्ड अप या नव्या पद्धतीचा हब होता, २०१८ नंतरचा, सहा बारीक सेल आणि दोन पोर्टवाला, फोनवरून चालणारा. त्याचा प्लग वेगळा असतो, छोटा आणि चपटा. हे दोन प्लग एकमेकांत बसतच नाहीत. इंजिन आणि यादी एकाच माणसाची असूच शकत नव्हती. व्हिडिओ दुसऱ्या कोणाचा तरी उचललेला होता.

मला हे दिसलं. माहीत नव्हतं असं नाही. त्या ग्रुपवर हा फरक नव्या लोकांना मीच समजावून सांगितला होता. आणि तरी मी स्वतःला काय सांगितलं? कदाचित अॅडॅप्टर लावला असेल. कदाचित व्हिडिओ जुना असेल, नंतर त्याने मोटर बदलल्या असतील. त्याला विचारावं म्हणून मेसेज लिहिलाही, आणि पुसला, कारण त्याला राग आला तर किट दुसऱ्याला जाईल अशी भीती वाटली. त्या क्षणी माझे फक्त ८,४०० गेले होते. तिथे थांबले असते तर १६,३९० रुपये वाचले असते. हा हिशेब मी रोज करते.

शनिवारी पॅक केलेल्या खोक्याचा फोटो आला आणि मी उरलेले ८,४०० भरले. जिवंत व्हिडिओ कॉल मागा. कॉलवर त्याला सामानाशेजारी आजची तारीख आणि तुमचं नाव कागदावर लिहून ठेवायला सांगा. कॅमेरा बिघडलाय म्हणाला तर तुम्हाला उत्तर मिळालं.

सोमवारी सकाळी ‘कस्टम’ आलं. चाकं परदेशातून येत होती, ती अडकली, ड्युटी भरा. इथे लोक मला हसतात, पण माझंही ऐका. खेळण्यांवरची आयात ड्युटी २०२० मध्ये २० टक्क्यांवरून ६० झाली आणि २०२३ मध्ये ७०. हे मला ठाऊक होतं म्हणूनच संशय आला नाही. ८,००० च्या चाकांवर ७० टक्के म्हणजे ५,६००, वर ४० हाताळणीचे. गणित चोख बसलं. पण आयातीवर जीएसटीही लागतो आणि तो या आकड्यात कुठेच नव्हता. अकाउंट्सवाल्या बाईला हे दिसायला हवं होतं. कस्टम ड्युटी कोणाच्या खाजगी यूपीआयवर कधीच भरायची नसते. ती कुरिअर कंपनी किंवा पोस्ट पावती देऊन घेतं. त्याच संध्याकाळी विम्याचे २,३५० गेले. मंगळवारी त्याने आणखी ४,१०० मागितले, तेव्हा कुठे मी नाही म्हटलं. तासाभरात त्याने मला ब्लॉक केलं. ब्लॉक व्हायच्या आधी, संशय आल्याबरोबर, सगळ्या गप्पांचे स्क्रीनशॉट काढून ठेवा. माझे अर्धेच आहेत.

आणि मग मी दोन दिवस गप्प बसले. घरी काय सांगू? बेचाळीस वर्षांच्या बाईने खेळण्यापायी पंचवीस हजार घालवले? गुरुवारी, १९ जूनला, १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन केला. हा नंबर फोनमध्ये आत्ताच साठवा, आणि पैसे गेल्याचं कळताच पहिल्या तासात करा, लाज नंतर. यूपीआयचा बारा आकडी व्यवहार क्रमांक हाताशी ठेवा. माझी तक्रार पोहोचली तोवर त्या खात्यात ३१२ रुपये उरले होते. तेवढेच होल्ड झाले.

पोलीस ठाण्यात पहिल्यांदा गेले तेव्हा टेबलावरच्या माणसाने विचारलं, “पोट्ट्यासाठी होतं का, मॅडम?” म्हटलं, नाही, माझ्यासाठी. तो शेजारच्याकडे वळून म्हणाला, “ऐकलं का, मॅडमचं इंजिन गेलं.” दोघं हसले. माझ्या हातात बँकेचं स्टेटमेंट होतं, चार व्यवहारांचे क्रमांक होते, आणि ते हसत होते. तेवढीच रक्कम कोणी मोबाइलपायी गमावली असती तर हसले असते का? चोरी पैशांची असते, त्यातून काय घेणार होते यावर ती लहान-मोठी ठरत नाही. दुसऱ्यांदा साहेब बंदोबस्तात होते, दोन तास बसवून उद्या या म्हणाले. तिसऱ्यांदा सांगितलं की खातं दुसऱ्या राज्यातलं आहे, तिकडे जा. मी कुठे जाऊ? रजा टाकून, कुठल्या गावात, कोणाचं दार वाजवू? “तुम्ही एवढ्या शिकल्या-सवरल्या, अन् पैसे दिलेच कसे जी?” हा प्रश्न मला त्या तीन खेपांत चार जणांनी विचारला. त्या माणसाने पैसे घेतलेच कसे, हे एकानेही विचारलं नाही.

हद्दीचं कारण चालत नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे दखलपात्र गुन्ह्याची माहिती कुठल्याही ठाण्यात देता येते, गुन्हा कुठेही घडलेला असो. ऑनलाइन दिली तर तीन दिवसांत जाऊन सही करायची. हे मी छापून नेलं. कागद वाचला गेला, परत दिला गेला आणि माझा साधा ‘अर्ज’ घेतला. अर्ज म्हणजे एफआयआर नव्हे, हे मला घरी आल्यावर एका वकील नातेवाइकाने सांगितलं. पोच घेतल्याशिवाय टेबल सोडू नका. फसवणुकीसाठी भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ आणि माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६६ डी लागतं, ते अर्जातच लिहून टाका.

बँकेत वेगळीच वरात. शाखेत म्हणाले, पिन तुम्हीच टाकला, व्यवहार तुमच्याच संमतीचा, आमचा संबंध नाही. पिन मी टाकला हे मला माहीत आहे, मी कधी नाकारलं? मी फक्त एवढं मागत होते की समोरच्या बँकेला आजच्या आज लिहा. त्यासाठी एफआयआरची प्रत हवी. ठाण्यात एफआयआरसाठी बँकेच्या शिक्क्याचं स्टेटमेंट हवं. शिक्का मारणारी बाई जेवायला गेलेली. पंधरा दिवस मी या दोन टेबलांमध्ये नागपूरच्या जूनच्या उन्हात येरझाऱ्या घातल्या आणि दोन्हीकडे मला समजावलं की चूक माझी आहे. बँकेने तीस दिवसांत उत्तर दिलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते. एकतिसाव्या दिवशी मी केली.

मध्येच एकाचा फोन आला, १,५०० भरा, पैसे काढून देतो. त्याला माझी रक्कम अगदी पैपर्यंत माहीत होती. असे फोन तुम्हालाही येतील. एक रुपया देऊ नका.

बॉडी अजून कपाटावर आहे, चाकांशिवाय, दोन ठोकळ्यांवर टेकवलेली. गेल्या आठवड्यात दुसऱ्या एका ग्रुपवर तेच इंजिन विकायला आलं, यावेळी २१,००० ला, विकणाऱ्याचा फोटो वेगळा. निळ्या चौकडीची चादर, उजव्या कोपऱ्यात पांढऱ्या स्विचबोर्डाची कड, पस्तीस सेकंद, आणि बाविसाव्या सेकंदाला झाकणाखालून लोंबणारा तो राखाडी चौकोनी प्लग. हा व्हिडिओ तुमच्याकडे आला तर पैसे पाठवू नका. आधीच पाठवले असतील तर मला कळवा. माझ्या अर्जाची पोच माझ्याकडे आहे. तुमची तक्रार तिच्या सोबत घेऊन मी चौथ्यांदा त्या टेबलापाशी जायला तयार आहे.